आठवण हाही मुद्देमालच

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडले. १८९ माणसे गेली होती. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. दहा वर्षांनी त्यातले काहीच टिकले नाही. लोक संतापले, यात नवल नाही. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडले नाही. त्यावरून प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या भरवशाबद्दल जो वाद पेटला तो गोव्यातही पोचला. पर्वरीला बसते तेही याच उच्च न्यायालयाचे खंडपीठ. तेव्हा हा प्रश्न मुंबईकरांचा म्हणून आपल्याला झटकता येत नाही. पण वाद घालण्याची तऱ्हा पाहून हसावे की रडावे कळत नाही. एक बाजू म्हणते, माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले सांगतो आहे, त्याच्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा? दुसरी म्हणते, स्मृती फसवी असते हे विज्ञानाने दाखवून दिले, आता कॅमेरा आणि डीएनए असेल तरच बोला. पहिली बाजू साक्षीदाराला देव्हाऱ्यात बसवते, दुसरी त्याला घराबाहेर काढते. त्याच्या आठवणीचे आपण मधल्या काळात काय करतो, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की आठवण हा पुरावा आहे, आणि चांगला पुरावा होऊ शकतो. पण बाकीच्या पुराव्यासारखाच तो हाताळणीत नासतो. खुनाच्या जागी सुरा सापडला तर पंच बोलावतात, पंचनामा होतो, सुरा पाकिटात जातो, लाखेचे सील लागते, लेबलावर सह्या होतात, मुद्देमालाच्या नोंदवहीत नंबर पडतो. खटल्यात तो सुरा पुढे आला आणि सील तुटलेले निघाले, तर बचावाचा वकील पहिली गोष्ट तीच न्यायाधीशांना दाखवतो. त्याच जागी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात जो चेहरा आहे त्याला कसले सील? तो चेहरा पोलीस ठाण्यातून फिरतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गप्पांतून फिरतो, व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोला घासून जातो, आणि पाच-सात वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, "होय, हाच तो."

मुंबईच्या खटल्यात नेमके हेच झाले. निकालाला कारणे अनेक होती, पण ओळखीच्या पुराव्यापुरते पाहू. आरोपींना स्टेशनपर्यंत सोडल्याचे सांगणारे टॅक्सीवाले घटनेनंतर शंभरावर दिवस गप्प होते. मग ओळख परेड झाली, त्यात त्यांनी चेहरे ओळखले, आणि त्यानंतर काही वर्षांनी न्यायालयात पुन्हा ओळखले. परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता, असे उच्च न्यायालयाला आढळले. आता टॅक्सीवाले खोटे बोलत होते का? मला तसे म्हणायचे नाही. कदाचित त्यांना खरेच आठवत असेल. पण पणजीच्या कदंब बस स्टँडवरच्या कुठल्याही पायलटाला, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्याला, विचारा, तीन महिन्यांपूर्वी मिरामारला सोडलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा सांग म्हणून. तो हसेल. त्यातूनही एखाद्याला आठवला, तर ती आठवण त्या दिवसाची की नंतर पाहिलेल्या फोटोची, हे ओळखायला त्याच्यापाशी साधन नसते, आणि न्यायाधीशांपाशी तर नसतेच नसते. खरी अडचण ही आहे. साक्ष खोटी होती असे ठरत नाही, पण ती खरी होती हे तपासण्याची वाटच तपासाने बुजवून टाकलेली असते.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग आता मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, पण आपल्याकडच्या तपास अधिकाऱ्यांना तो कोणी सांगितला असेल असे वाटत नाही. विद्यार्थ्यांना मोटार-अपघाताची छोटी फिल्म दाखवली. काहींना विचारले, गाड्या एकमेकींना "लागल्या" तेव्हा वेग किती होता. काहींना विचारले, गाड्या एकमेकींवर "आदळून चक्काचूर झाल्या" तेव्हा किती होता. आठवड्याने सगळ्यांना विचारले, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. पहिल्या गटातल्या पन्नासपैकी सात जणांनी ती पाहिली होती, दुसऱ्या गटातल्या पन्नासपैकी सोळा जणांनी. या मुलांना कोणी पढवले नव्हते, धमकावले नव्हते, पैसे चारले नव्हते. एका क्रियापदाने काम केले. हा प्रयोग डोक्यात ठेवून आपल्याकडचा जबाब कसा होतो ते पाहा. माणूस कोंकणीत नाहीतर मराठीत सांगतो, समोरचा त्यातले "कामाचे" तेवढे उचलतो, मध्ये मध्ये विचारतो, "चाकू होता ना हातात?", आणि टाइप होऊन बाहेर पडतो तो जबाब बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. पुढे साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात साक्षीदाराला तो वाचून दाखवला जातो, आणि त्याला वाटते, आपण असेच म्हटले होते.

एक प्रसंग कल्पनेने उभा करू. तो इतका नेहमीचा आहे की कल्पनेला फारसे काम नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून एक बाई खोर्लीच्या चढाने घरी निघाली आहे. दोन्ही हातांत पिशव्या. मागून स्कूटर येते, मागे बसलेला गळ्यातल्या मंगळसूत्राला हिसडा देतो, पोत तुटते, अर्धे मणी रस्त्यावर सांडतात, बाई गुडघ्यावर पडते. सगळे मिळून चार-पाच सेकंद. चालवणाऱ्याचे हेल्मेट, मागच्याच्या तोंडाला रुमाल, आणि बाईची नजर त्या वेळी कुठे? गळ्याकडे आलेल्या हातावर. भीतीच्या क्षणी माणूस धोक्याकडे पाहतो, चेहऱ्याकडे नाही. हत्यार असेल तर हत्याराकडे. आठवड्याने पोलीस एका पोराला पकडतात. तो पकडल्याची बातमी फोटोसह फिरते, बाईची भाची तो फोटो तिला दाखवते, "मावशे, हाच न्हू?" आणि बाई म्हणते, डोळे तसेच वाटतात. पंधरा दिवसांनी ओळख परेड. संशयिताबरोबर रांगेत उभे केलेले सहा-सात डमी, त्यांतले दोघे मिशीवाले, एक टकला, आणि फोटोतला पोरगा. बाई त्याला ओळखते. तपास अधिकारी म्हणतो, "बरोब्बर!" या एका शब्दाने सील फोडले, पण पंचनाम्यात तो कुठे लिहिणार?

हे मी उगाच म्हणत नाही. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये केलेल्या प्रयोगात, फोटोंच्या रांगेत खरा माणूस ठेवलेलाच नव्हता. म्हणजे ज्याने ज्याला ओळखले ते चूकच. मग काहींना सांगितले, शाबास, संशयिताला ओळखलेत. एवढ्यावर त्या लोकांची खात्री वाढली. इतकेच काय, गुन्हेगार आपल्याला नीट दिसला होता, आपण लक्ष देऊन पाहिले होते, असेही ते सांगू लागले. आणि आपली न्यायालये साक्ष कशावर तोलतात? निकालपत्रे उघडा. "साक्षीदार ठाम राहिला", "उलटतपासणीत डगमगला नाही". ठामपणा! जो गुण परेडीनंतरच्या एका शाबासकीने पैदा होतो, तोच आपण खरेपणाची खूण मानतो. उलटतपासणी हे खोटारड्याला पकडायचे हत्यार आहे. प्रामाणिकपणे चुकलेला माणूस तिच्यात सापडत नाही, कारण तो काही लपवतच नसतो.

अमेरिकेत डीएनए चाचणीने ज्यांचे निरपराधित्व नंतर सिद्ध झाले अशी साडेतीनशेवर माणसे आहेत. त्यांतल्या सुमारे ६९ टक्के प्रकरणांत प्रत्यक्षदर्शीने चुकीच्या माणसाला ओळखले होते. पण यासाठी डीएनएपर्यंत थांबायची गरज नव्हती. लंडनमध्ये १८९६ साली अॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाला एकामागून एक बायकांनी ओळखले. आपण उमराव असल्याच्या भुलाव्याने आपल्याला दागिन्यांना लुबाडणारा हाच, म्हणून. आणि या चार सेकंदांच्या साक्षीदार नव्हत्या. ठगाशी त्या समोरासमोर बसून बोलल्या होत्या. बेकने सक्तमजुरी भोगली. तुरुंगाच्या दफ्तरात नोंद होती की मूळच्या ठगाची सुंता झालेली होती, बेकची नव्हती. ते लक्षात येऊनही त्याला सोडले नाही. १९०४ मध्ये त्याला पुन्हा पकडले, बायकांनी पुन्हा ओळखले, पुन्हा दोषी ठरला, आणि शिक्षा सुनवायच्या आत खरा ठग दुसऱ्याच प्रकरणात हाती लागला. त्या धक्क्यातून इंग्लंडला १९०७ मध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय मिळाले. आपल्या घरातला दाखला हवा असेल तर सदाशिवरावभाऊंचा तोतया आहेच. भाऊ पानिपतात १७६१ साली पडले. त्यांच्या नावाने वावरणारा इसम १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटला आणि बघता बघता कोकणातले किल्ले आणि माणसे त्याच्या बाजूला गेली. सगळेच काही स्वार्थापोटी गेले नसतील. भाऊ परत यावेत असे ज्यांना मनापासून वाटत होते त्यांना ते दिसले. पुण्यात त्याला देहान्त शासन झाले तेव्हा कुठे बंड थंडावले.

आता साक्षीदाराची बाजू घेणाऱ्यांचे जे म्हणणे खरेच वजनदार आहे ते मान्य करायला हवे. बहुतेक गुन्हे अनोळखी माणसे करत नाहीत. वाड्यावरच्या भांडणात कोयता कोणी मारला हे सांगताना शेजारी चेहरा आठवत नसतो. वीस वर्षे ओळखत असलेल्या माणसाचे नाव घेत असतो. तिथे स्मृतीच्या प्रयोगांचे दाखले देणे म्हणजे शुद्ध वकिली. दुसरे, अधिक गंभीर. "स्मृती फसवी असते" हे वाक्य एकदा हातात आले की ते पहिल्यांदा कोणावर चालवले जाईल? अत्याचार झालेल्या बाईवर, लहान मुलावर, कोर्टात शब्द सापडत नाहीत अशा मजुरावर. १९८३ च्या भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे लहान मुलींवरच्या अत्याचाराचेच प्रकरण होते. बारीकसारीक विसंगतींना फार किंमत देऊ नका, साक्षीदाराकडे छायाचित्रासारखी स्मरणशक्ती नसते आणि मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप पुन्हा चालू होत नसते, असे न्यायालयाने तेव्हा बजावले. ते योग्यच होते. आणि तिसरे: डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनात २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली ती बऱ्याच अंशी प्रत्यक्षदर्शींच्या जोरावर. त्यांना डावलले असते तर हाती काय राहिले असते?

पहिला मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, आणि तेवढ्यानेच वादाचा निम्मा गोंधळ मिटतो: ओळखीच्या माणसाला पाहणे आणि अनोळखी माणसाला ओळखणे या दोन वेगळ्या साक्षी आहेत. दुसऱ्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. व्हिडिओ टेपचे ते वाक्य आपली न्यायालये चाळीस वर्षे वापरत आली, पण एकाच दिशेने. साक्षीदाराच्या सांगण्यात फरक पडला की म्हणायचे, माणसाची स्मृती काही टेप नव्हे, चालायचेच. आणि तोच साक्षीदार अनोळखी आरोपीकडे बोट करून "हाच" म्हणाला की तीच स्मृती एकदम टेप होते. विसरायला परवानगी आणि चुकायला बंदी, हा कुठला न्याय? अत्याचार झालेली मुलगी काय घडले याबद्दल क्वचितच चुकते. वार, वेळ, पडद्याचा रंग यात चुकेल. ती आत्मविश्वासाने चुकू शकते असा भाग एकच, आरोपी अनोळखी असेल तर त्याचा चेहरा. तो चेहरा पहिल्याच दिवशी नीट टिपून ठेवला, तर पुढे तिच्यावरच तुटून पडणाऱ्या वकिलाच्या हातातला अर्धा दारूगोळा संपतो. पुण्याच्या खटल्याचेही तेच. २०१६ च्या आरोपपत्रात मारेकरी म्हणून एक जोडी होती, २०१८ मध्ये अटक झाली ती दुसरीच, आणि प्रत्यक्षदर्शींनी कोर्टात ओळखले ते घटनेनंतर आठ वर्षांहून अधिक काळाने. न्यायालयाने त्यांच्यावर विश्वास ठेवला. पण त्या साक्षीदारांना ही आठ वर्षे ती आठवण एकट्याने सांभाळायला लावायची गरज होती का?

कॅमेरावाद्यांना थोडक्यात उत्तर देतो, कारण त्यांचा भ्रम साधा आहे. कॅमेरा हवाच. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये बाणस्तारीच्या पुलावर मोटारीने तीन बळी घेतले तेव्हा गाडी नक्की कोण चालवत होते, यावरूनच लोक रस्त्यावर उतरले. गाडी पाहायला जगातले सगळे कॅमेरे असले तरी स्टिअरिंगवरचा माणूस पाहायला शेवटी माणूसच लागतो. धुरकट सीसीटीव्हीत "हा तोच" असे म्हणतो तोही एखादा हवालदार किंवा शेजारी, म्हणजे पुन्हा आठवणच. २०२५ च्या मे महिन्यात शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, तेव्हा हजारो डोळे तिथे होते. कोणी विजेचा धक्का बसल्याचे सांगितले, कोणी धोंडांची, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्तांची, ढकलाढकली, कोणी उताराचे कारण. खोटे कोणीच बोलत नव्हते. त्या गर्दीत ज्याच्या अंगावर जे आले ते त्याने सांगितले. चौकशी करायची तर या सगळ्यांनाच वेगवेगळे, लगेच, एकमेकांचे ऐकायच्या आत विचारावे लागते.

कायदा काय म्हणतो? १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे, आणि कुठल्याही गुन्ह्यात झडतीचे आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे, हे आता बंधनकारक आहे. म्हणजे सुऱ्याला सीलही आणि फिल्मही. साक्षीदाराच्या जबाबाचे मात्र ध्वनिचित्रमुद्रण "करता येईल". करावेच असे नाही. ओळख परेडीचे चित्रीकरण सक्तीचे आहे, पण साक्षीदार शरीराने किंवा मनाने अपंग असेल तरच. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, हा जुना नियम तसाच राहिला. तो पोलिसांवरच्या अविश्वासातून आला होता आणि त्याला कारणेही होती, पण त्याचा परिणाम असा की मुद्रण केले नसेल तर माणूस पहिल्या दिवशी काय म्हणाला हे त्याच्या स्वतःच्या तोंडून ऐकण्याचा मार्गच नाही. इंग्लंडने बेकनंतर सत्तर वर्षांनी, १९७६ मध्ये, डेव्हलिन समितीचा अहवाल आणि टर्नबुलचा निकाल पाहिला. तेव्हापासून न्यायाधीशाला ज्यूरीला बजावावे लागते की प्रामाणिक साक्षीदारही चुकू शकतो, म्हणून प्रकाश, अंतर, वेळ, आडोसा तपासा. तिथे आता जिवंत माणसांची परेड जवळपास संपली. संशयिताबरोबर निदान आठ इतर चेहऱ्यांच्या चित्रफिती दाखवतात. आपल्याकडे डमी आजही ठाण्याबाहेरच्या चहावाल्याला आणि रिक्षावाल्याला विनवून गोळा करतात.

यावर हमखास येणारा आक्षेप: एवढे नियम केले की आरोपी सुटतील. उलट आहे. जॉन विक्स्टेड आणि गॅरी वेल्स यांनी २०१७ मध्ये आधीच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले की परेड स्वच्छ असेल, म्हणजे घेणाऱ्यालाच संशयित कोण ते ठाऊक नसेल, डमी खरेच मिळतेजुळते असतील, "तो यात असेलच असे नाही" हे आधी सांगितले असेल, तर साक्षीदाराची पहिल्या वेळची खात्री चांगलीच भरवशाची असते. पहिल्या वेळची. कोर्टातली, वर्षांनंतरची नव्हे. म्हणजे पहिली ओळख जपून ठेवणे हा सरकारी पक्षाचाही फायदा आहे, आणि गोव्यात तर जास्तच. इथला साक्षीदार चार दिवसांचा पाहुणा असतो, नाहीतर शॅकवर राबणारा, जो पावसाआधी नेपाळला किंवा झारखंडला परत जातो. त्यातून दुसऱ्या वंशाचे चेहरे ओळखताना माणूस अधिक चुकतो हे प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर परदेशी साक्षीदार आणि देशी आरोपी, किंवा नेमके उलट, ही रोजची गोष्ट. २००८ मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला त्या खटल्यात महत्त्वाचा परदेशी साक्षीदार साक्षीला आलाच नाही. २०१६ मध्ये दोघेही आरोपी सुटले. उच्च न्यायालयाने त्यांतल्या एकाला दोषी धरले ते २०१९ मध्ये, घटनेनंतर अकरा वर्षांनी.

पण मुद्रित जबाब म्हणजे साक्ष नव्हे, हेही त्याच दमात सांगायला हवे. कोणी म्हणेल, मग व्हिडिओच पुरावा माना, साक्षीदाराला कशाला ओढता? ती वाट गोव्याने पाहिली आहे. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडून, इथे इन्क्विझिशनचे, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मचौकशीचे, न्यायासन होते, आणि तिथे आरोपीला आपल्याविरुद्ध कोण बोलले हे सांगत नसत. चार्ल्स देलों हा फ्रेंच वैद्य त्या कोठडीतून बाहेर पडला आणि त्याने हेच जगाला सांगितले. साक्षीदाराला समोर आणून प्रश्न विचारण्याचा हक्क सोडायचा नाही. पहिला जबाब हवा तो त्या प्रश्नांना धार यावी म्हणून. आज वकील साक्षीदाराच्या ठामपणावर डोके आपटतो. उद्या त्याला विचारता येईल की पहिल्या दिवशी तू "रुमालामुळे तोंड दिसले नाही" म्हणालास, मग आता मिशी कुठून आली?

राहिला खर्च. झडती-जप्तीच्या चित्रीकरणासाठी तपास अधिकाऱ्यांच्या मोबाइलमध्ये ई-साक्ष्य हे अॅप आलेच आहे. पंच उभे करून सुऱ्याची फिल्म त्यावर घेतात. त्याच फोनवर, त्याच दिवशी, साक्षीदाराला खुर्चीत बसवून त्याच्याच भाषेत "काय पाहिले ते सांगा" एवढेच विचारायचे आणि मध्ये बोलायचे नाही. आणि अनोळखी आरोपीचा फोटो परेड होईपर्यंत प्रसिद्धीला द्यायचा नाही, परेड घेणाऱ्या दंडाधिकाऱ्याला संशयित कोण ते सांगायचे नाही. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. पर्वरीहून एक परिपत्रक निघाले तरी भागेल.